दोघांत एक पंप

मी पंप. पाण्याचा नव्हे, पेट्रोलचाही नव्हे. सायकलीत हवा भरायचा, वीतभर लांबीचा, चौकटीला पट्ट्यानं बांधून न्यायचा पंप. माझा जन्म फुंकण्यासाठी झालाय, बोलण्यासाठी नाही. पण जे मी ऐकलं ते पोटात ठेवून गेले तीन महिने मला नीट दाबही धरता येत नाही, म्हणून बोलतोय.

आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. ज्या माणसाच्या घरात मी राहतो तो मला दर रविवारी तेल देतो. मऊ फडक्यानं पुसतो, आतल्या रबरी वायसरला कोरड पडू देत नाही. इतकी निगा त्यानं स्वतःच्या गुडघ्यांची घेतली असती तर बरं झालं असतं. त्याचं तेल मी चार वर्षं खाल्लंय. तरी त्याच्याबद्दल माझ्या तोंडून चार चांगले शब्द निघतील अशी आशा ठेवू नका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लांबलचक टेबल होतं, आणि टेबलाच्या शेवटी एक बाई. तिनं माझ्या तोंडावर अंगठा दाबून दांडा जोरात रेटला आणि शेजारणीला म्हणाली, "हा दम सोडणारा नाही." तेवढं एकच प्रशस्तिपत्र घेऊन मी बाहेर पडलो.

मला विकत घेतलं दोन सख्ख्या बहिणींनी, आपापल्या नवऱ्यांसाठी. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, काउंटरवर पिकलेल्या मिशांचा मिस्त्री होता आणि समोर या दोघी. थोरली म्हणाली, "दोघांना दोन घेऊ की. उगाच भांडणं नकोत."

धाकटी म्हणाली, "नको ताई, एकच घे. दोघांत एक असला तर भांडले तरी एकमेकांना सोडून जाता येणार नाही."

मिस्त्री हसला. "वहिनी, आम्ही न सांगताच तुम्ही आमचा नियम सांगितलात."

तो नियम मला पुढं पाठ झाला. मिस्त्रीच्या दुकानात जमणारी पंधरा-वीस माणसं डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांनी सायकली हाणतात. दोन-दोन, तीन-तीन दिवस, सायकलीला पिशव्या बांधून. जायचं ते जोडीनं. आणि जोडीनं सामान वाटून घ्यायचं असं, की कुणाचंही एकट्याचं पूर्ण होणार नाही. एकाकडं पंप, दुसऱ्याकडं पंक्चरची ठिगळं आणि जादा ट्यूब. एकाकडं स्टोव्ह, दुसऱ्याकडं भांडं. गळ्यात मात्र दोघांच्याही शिट्टी, कारण त्या वाटांवर फोनला रेंज नसते. तीनदा वाजली की असशील तिथून मागं फिरायचं, असा करार.

माणसं मला कधी कळली नाहीत. घरी गादी टोचते म्हणून कुरकुरतात आणि दगडावर झोपायला शंभर किलोमीटर जातात.

तर दोन बहिणींचे दोन नवरे, म्हणजे एकमेकांचे साडू. थोरला चोपन्न वर्षांचा, चष्म्याच्या काचा घासून बसवायचं काम करतो. केसभर फरक पडला तर काच टाकून देणारा. धाकटा त्रेचाळीसचा, लिफ्ट दुरुस्त करतो. कुठं कुणी अडकलं की याचा फोन वाजतो आणि हा ताटावरून उठून जातो. थोरला वही लिहितो, धाकटा फोटो काढतो. मी थोरल्याकडं राहिलो, ठिगळांची डबी धाकट्याकडं गेली.

ती वही म्हणजे थोरल्याचा देव. किती वाजता निघालो, किती किलोमीटर झाले, टायरमध्ये हवा किती, वारा कुठला, पाणी किती घोट प्यालो, सगळं जागच्या जागी थांबून लिहायचं. आणि एकदा लिहिलं की ते पान पुन्हा उघडायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत सगळे जमत आणि ज्यांनी नुकती फेरी केली ते ती सांगत. थोरला तिथंच पान उघडायचा, ओळीवर बोट ठेवायचा आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. म्हणायचा, "मी नंतर हात लावत नाही. जे घडलं ते इथं आहे." लोक जांभया देत, पण मान देत.

चार वर्षं बरी गेली. मग तो फोटो आला.

धाकट्यानं एका शनिवारी भिंतीवरच्या पडद्यावर फेरीचे फोटो लावले. त्यात एक होता थोरल्याचा. झाडाखाली आडवा, बूट उशाला, तोंड उघडं. खाली धाकट्यानं लिहिलं होतं, 'अवघड चढ सर करताना'. खोली हसून लोळली. थोरलाही हसला, सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत कमी. त्या दिवसापासून तो धाकट्याला 'अहो-जाहो' करायला लागला. आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान साडूला 'अहो' म्हणणं ही शिवीच असते. ती धाकट्याला कळली आणि त्यानं ती मुद्दाम ऐकू न आल्यासारखी घेतली.

तरी पुढच्या महिन्यात दोघं एकत्र निघाले, कारण गरज थोरल्याला होती. गटाची सात दिवसांची मोठी फेरी जवळ आली होती, पठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा वर्षं त्याची ती हुकत होती. कधी गुडघा, कधी आईचं आजारपण. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यंदा जाऊन या. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही." आणि जोडीदाराशिवाय मिस्त्री कुणालाच नेत नसे.

पहिला दिवस दोघं एकमेकांशी फक्त कामाचं बोलले. रात्रीपुरते एका बंद वीटभट्टीच्या छपराखाली झोपले. दुसऱ्या दिवशी एकतिसाव्या किलोमीटरला वाट फुटली. मधे कोरडा ओढा, डावी वाट ओढ्याच्या पलीकडून, उजवी अलीकडून.

धाकटा म्हणाला, "साडूभाऊ, डावीकडून. नकाशा नऊ किलोमीटर कमी दाखवतोय."

"दाखवत असेल. माझ्या वहीत उजवी आहे. सात वर्षांपूर्वी मी गेलोय."

"सात वर्षांत वाट बदलत नाही होय?"

"वाट नाही बदलत. माणसं बदलतात."

"झालं, सुविचार सुरू झाले. तो फोटो अजून घशाखाली उतरला नाही ना तुमच्या?"

थोरल्यानं हातमोजा ओढून घट्ट केला. "तुम्ही जा डावीकडून."

"आणि पंप?"

"पंप ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं राहील. ठिगळं आहेतच की तुमच्याकडं."

"ठिगळाला काय तोंडानं फुंकू?"

"नकाशाला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं."

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं हा हात पुढं करून मला सोडवून घेईल. पण त्यालाही मान तुकवायची नव्हती. तो डावीकडं वळला. थोरल्यानं घड्याळ पाहिलं, वहीत वेळ टाकली आणि उजवीकडं निघाला.

अठरा मिनिटं झाली असतील. ओढ्याच्या पलीकडून शिट्टी आली. तीनदा.

हवा हाच माझा धंदा. हवेतून काय येतं ते मला माणसाच्या आधी कळतं. पण ती शिट्टी कळायला पंप असायची गरज नव्हती. वारा पडलेला, झुडपाचं पान हलत नव्हतं, आणि आवाज किलोमीटरच्या आतला. थोरल्यानं ब्रेक दाबला. पाय टेकला. मान त्या दिशेला वळवली. मी मनात म्हटलं, चला, शेवटी रक्ताचं नाही पण बायकांच्या रक्ताचं तरी नातं आहे. त्यानं खिशातून वही काढली, उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं, परत ठेवली. मी चौकटीला बांधलेला, मला वर काय लिहिलं ते दिसलं नाही.

शिट्टी पुन्हा आली. तीनदा.

मग त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. तो पुढं निघाला आणि त्यानं गिअर असा टाकला की साखळी खडखडत राहावी. सपाट वाटेवर तो गिअर कुणी टाकत नाही. त्याच्यासारखा माणूस तर नाहीच. साखळीचा साधा करकर आवाज आला तरी तो खाली उतरून तेल द्यायचा. पुढची दहा मिनिटं ती खडखड त्यानं गाण्यासारखी ऐकली.

देव कुणाचं देणं ठेवत नाही म्हणतात. पंचवीस मिनिटांनी याच्याही मागच्या चाकात काटा गेला. भोक बारीक, हवा हळूहळू जाणारी. पंप आहे, ठिगळ नाही. मागं फिरून ओढा ओलांडला असता तर अर्ध्या तासात ठिगळ मिळालं असतं, आणि त्या माणसाला मी. पण नाही. मला सोडवायचा, हवा भरायची, जेमतेम पाऊण किलोमीटर जायचं, पुन्हा उतरायचं. असं एकेचाळीस वेळा. माझा दांडा तापून हाताला चटके बसत होते. प्रत्येक वेळी वही निघायची आणि एक रेघ पडायची. माणूस किती कष्ट घेऊ शकतो, दोन शब्द वाचवायला.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. धाकट्यानं ट्यूब काढली, ठिगळ लावलं, अगदी झकास बसवलं, आणि मग त्या झकास चिकटलेल्या ठिगळाकडं बघत बसला. शिट्टी वाजवून ओठ फुटले. शेवटी त्यानं टायरमध्ये सुकं गवत कोंबलं. ते तीन किलोमीटर टिकलं. मग सायकल ढकलत सतरा किलोमीटर पायी. सायकलीच्या बुटाला तळाशी लोखंडाची पट्टी असते, ते बूट चालायचे नसतातच. पाणी संपलं. संध्याकाळी खडी वाहणाऱ्या एका ट्रकवाल्यानं त्याला उचललं. टाचेचा फोड चिघळला आणि अठरा दिवस तो कामावर गेला नाही.

पुढच्या रविवारी थोरला मला तेल देत होता. थोरलीचा फोन टेबलावर, धाकटीचा आवाज खोलीभर.

"ताई, एकच सांग. भाऊजींना शिट्टी ऐकू आली होती का?"

"अगं नाही. वारा होता म्हणे तिकडं. कसं ऐकू येणार?"

"हे म्हणतात, वारा नव्हता."

"त्याला ताप होता गं, त्याला काय आठवतंय? हे बघ, तुझे भाऊजी हेकट आहेत, कुजके आहेत, मीच सांगते. पण खोटं बोलत नाहीत. चहा किती वाजता प्यालो ते मिनिटानं सांगणारा माणूस आहे तो. माझा शब्द आहे तुला."

थोरला तेल ओतत होता. ते माझ्या तोंडातून वर आलं, खालच्या वर्तमानपत्रावर पसरलं, तरी त्याचा हात थांबला नाही. थोरली म्हणाली, "अहो, लक्ष कुठंय?" तो म्हणाला, "इथंच." एवढंच. बायकोनं आपला शब्द याच्यासाठी गहाण टाकला आणि यानं फडकं घेऊन मला पुसलं.

मग तो शनिवार आला. फळ्यावर मोठ्या फेरीच्या जोड्या लिहायच्या होत्या, म्हणून खोली भरलेली. दोघी बहिणीही आल्या होत्या. नियमाप्रमाणं जोडीचं सामान टेबलावर मांडलं गेलं: इकडं मी, तिकडं ठिगळांची डबी. धाकटा टाचेला पट्टी, पायात चप्पल, भिंतीला टेकून उभा.

मिस्त्रीनं सरळच विचारलं, "शिट्टीचं काय झालं?"

"वारा होता," थोरला म्हणाला. "कानाला काही लागत नव्हतं."

दाताची डॉक्टरीण होती गटात, जिभेनं तिच्या हत्यारांपेक्षा धारदार. ती म्हणाली, "वारा फक्त ओढ्याच्या अलीकडं होता का? पलीकडं म्हणे पान हलत नव्हतं."

"मी वही वाचतो," थोरला म्हणाला. "जे घडलं ते इथं आहे."

धाकटा म्हणाला, "वाचा. तुमच्या वहीला तरी तोंड आहे."

त्यानं पान उघडलं. नेहमीप्रमाणं ओळीवर बोट ठेवलं आणि नेहमीच्या सपाट आवाजात सुरू झाला. निघाल्याची वेळ. हवा. किलोमीटर. "अकरा बावीस. वाट फुटली. साडू डावीकडं, मी उजवीकडं." बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "अकरा चाळीस. ओढ्यापलीकडून शिट्टी, तीनदा. किलोमीटरच्या आत. वारा नाही."

खोलीतला एकजण पाणी पीत होता, त्याचा घोट मला ऐकू आला.

मला वाटलं हा थांबेल. निदान वही मिटेल. पण आयुष्यात कधी न वगळलेली ओळ वगळायची कशी हेच त्याला माहीत नव्हतं. बोट सरकत राहिलं. "अकरा त्रेचाळीस. शिट्टी, तीनदा. बारा पाच. मागचं चाक पंक्चर." मग त्यानं एकेचाळीसच्या एकेचाळीस रेघा मोजून वाचल्या. शेवटची ओळ आली. "चार दहा. घरी. हिनं विचारलं, तो कुठाय? म्हणालो, येतोय मागून."

थोरली पहिल्या रांगेत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. ती उठली, बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "माझा शब्द मला परत दे."

धाकटा भिंतीपासून पुढं आला. मला वाटलं ओरडेल. तो अगदी हळू बोलला, आणि पहिल्यांदाच त्यानं 'तुम्ही' सोडलं.

"माझ्या कामात अडकलेला माणूस आत बटण दाबतो. तो मला ओळखत नसतो. कधी कधी मी गेल्यावर शिव्याही देतो, उशीर का केलास म्हणून. पण आत कोण आहे, माझा कोण लागतो, मागच्या महिन्यात मला काय म्हणाला, हे मी बटण वाजल्यावर विचारत नाही. जातो. तू ऐकलंस. लिहिलंस. आणि गेलास."

थोरला म्हणाला, "फोटो लावायला नको होता तू."

"नव्हता लावायला पाहिजे," धाकटा म्हणाला. "चूकच झाली. त्याचे सतरा किलोमीटर झाले. आणखी काही बाकी असेल तर सांग, तेही चालून टाकतो."

डॉक्टरणीनं आपली पिशवी उघडून आपला पंप टेबलावर ठेवला. माझ्यापेक्षा आखूड, घासलेला, पण तिचा. धाकट्याला म्हणाली, "मला जोडीदार नाही. ठिगळं आण तू." मिस्त्रीनं फळ्यावर दोघांची नावं लिहिली. थोरल्याच्या नावापुढं जोडीची जागा रिकामी राहिली. मिस्त्रीनं खोलीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. कुणी हात वर केला नाही. मग त्यानं ओल्या फडक्यानं ते नाव पुसलं. वही कधी पुसली गेली नव्हती. फळा पुसायला दोन सेकंद लागले.

मोठी फेरी मागच्या आठवड्यात निघाली. पहाटे सगळे आमच्याच रस्त्यानं गेले. थोरला खिडकीत उभा होता. सायकली दिसेनाशा झाल्यावर त्यानं वही काढली आणि लिहिलं: 'सहा दहा. गेले. वारा नाही.' थोरली उठली होती. तिनं एकच कप चहा केला आणि तो स्वतः प्याली.

आता माझं सांगतो. मी जिन्याखाली त्याच्या सायकलीला बांधलेला आहे. त्या सायकलीच्या मागच्या चाकात तेच बारीक भोक अजून आहे. दर रविवारी तो मला तेल देतो, मग त्या चाकात हवा भरतो, दाबाचा काटा बघतो, आकडा वहीत टाकतो. सोमवारी सकाळी चाक बसलेलं असतं. बाजारात ठिगळांची पाकिटं कुठल्याही दुकानात टांगलेली असतात. तो घेत नाही. ठिगळं धाकट्याकडं असतात, हा नियम तो एकटाच अजून पाळतोय. ज्या नियमाचा यानं गळा घोटला, त्याच्याच पाया पडत बसलाय.

मागच्या रविवारी त्यानं खुंटीवरची शिट्टी काढली, ओठांत धरली. वाजवली नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळू दे, शिट्टी हातात धरून थांबायला कसं लागतं.

धाकट्या, तुला माझं एवढंच सांगणं आहे. याला माफ कर असं मी म्हणणार नाही. मी स्वतः केलेलं नाही. बोलू नकोस त्याच्याशी. बोललास तर शिव्याच दे, घरात शिरल्यापासून निघेपर्यंत दे, मी मोजेन. पण येताना ती डबी घेऊन ये. गळक्या चाकात दर रविवारी हवा भरायला मला त्या बाईनं अंगठा दाबून पास केलं नव्हतं. मला खरं काम पाहिजे. एवढं ठिगळ लाव, आणि मग जाताना मला सोडवून घेऊन जा.